पिछाडीच्या छिद्राची राखण

बोटीच्या पिछाडीच्या फळीला पाण्याच्या पातळीखाली मोठे छिद्र पाडावे, इंजिन आत, बोटीच्या कोरड्या पोटात बसवावे, आणि त्याची शक्ती त्या छिद्रातून बाहेर काढून पंख्यापर्यंत पोचवावी, ही योजना प्रथम ऐकणाऱ्यास धाडसाची वाटते, आणि ती तशी आहेही. कारण ज्या वाटेने शक्ती बाहेर जाते त्याच वाटेने पाणी आत येऊ शकते, आणि त्या दोहोंच्या मध्ये रबराच्या एका घडीदार नळकांड्याखेरीज दुसरा पहारेकरी नसतो. या नळकांड्याला बेलोज म्हणतात. बोट वळवायची तर पिछाडीबाहेरचा सगळा भाग पंख्यासकट डावी-उजवीकडे वळतो, उथळ पाण्यात तो वर उचलावा लागतो, आणि अशा प्रत्येक हालचालीबरोबर ते रबर वाकते, ताणले जाते व पुन्हा मूळ स्थितीस येते. उन्हाने, थंडीने आणि केवळ वयाने त्याच्या घड्यांच्या तळाशी सूक्ष्म चिरा पडू लागतात, आणि त्या वरून पाहणाऱ्याला दिसत नाहीत. जुन्या बोटीवर पैसा व परिश्रम खर्चायला निघालेला मालक जर या रबरापासून प्रारंभ करीत नसेल, तर त्याच्या खर्चाचा क्रमच चुकला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टर्नड्राइव्ह या नावाने ओळखली जाणारी ही रचना लोकांसमोर आली ती 1959 साली, न्यूयॉर्कच्या बोट-प्रदर्शनात. जिम विन हा अमेरिकन अभियंता मर्क्युरी कंपनीची नोकरी सोडून स्वतंत्र झालेला होता. त्याची कल्पना स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने स्वीकारली आणि ‘ॲक्वामॅटिक’ या नावाने बाजारात आणली. दोनच वर्षांनी, 1961 मध्ये, खुद्द मर्क्युरीनेही आपली ‘मर्क्रूझर’ पुढे केली. पिछाडीवर टांगलेल्या सुट्या मोटारीऐवजी मोटारगाडीचे भरदार इंजिन वापरता यावे, आणि तरीही उथळ पाण्यात पंखा वर उचलता यावा, असा हा दुहेरी लाभ होता. त्याचे मोल सांध्यांच्या, सीलांच्या आणि बेअरिंगांच्या संख्येत चुकवावे लागते, व ते चुकवण्याचा प्रसंग बोट जुनी झाल्यावर येतो.

डेट्रॉइटच्या ईशान्येस, ह्यूरन आणि ईरी या दोन महासरोवरांना जोडणाऱ्या जलमार्गावर, लेक सेंट क्लेअर नावाचे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. त्याचा विस्तार अकराशे चौरस किलोमीटरांच्या घरात असूनही सरासरी खोली जेमतेम साडेतीन मीटर आहे. तेव्हा पंखा उचलता येणाऱ्या बोटींना तो मुलूख मानवावा यात नवल नाही. आमच्या थोरल्या ताईचे यजमान मूळचे मालवणकडचे. मोटारींच्या कारखान्यात हयात घालवून ते आता निवृत्त झाले आहेत, आणि त्यांच्या अंगणात चाकांच्या गाड्यावर 1988 सालची एक बोट उभी असते. तिचे इंजिन 4.3 लिटरचे, सहा सिलिंडरांचे; बाहेरचा ड्राइव्ह मर्क्रूझरचा अल्फा वन. सरोवरावरचे बर्फ वितळू लागले की तिच्यावरचे प्लास्टिकचे आच्छादन उतरते, भाऊजी आपली नोंदवही आणि पान्यांची पेटी घेऊन बाहेर येतात, आणि मी तिकडे असलो तर हाताखाली उभे राहण्याचा मान माझ्याकडे येतो.

त्यांच्या नोंदवहीतील पहिली बाब मात्र वसंतातली नसून शरदातली आहे, आणि ती म्हणजे ड्राइव्हमधील तेल. बोट पाण्याबाहेर काढल्यावर ती एक-दोन दिवस तशीच उभी ठेवायची, आणि मग तळाचा स्क्रू सैल करायचा. “घाई करू नकोस. आधी खालचाच, आणि तोही अर्धा आटा,” असे भाऊजी सांगतात, आणि त्यामागे पक्के कारण आहे. पाणी तेलाहून जड. ड्राइव्हमध्ये ते शिरले असेल तर उभ्या बोटीत तळाशी उतरते आणि अर्धा आटा सैल होताच तेलाच्या आधी तेच ठिबकते. वरचा हवेचा स्क्रू उघडला की सगळेच भळाभळा वाहू लागते आणि ही साक्ष हरवते. तेल दुधासारखे पांढरट निघाले तर एखादे सील गेले असे समजावे, आणि ते सील शोधल्यावाचून नुसते नवे तेल भरण्यात काही अर्थ नाही, कारण आत राहिलेले पाणी हिवाळ्यात गोठून ॲल्युमिनियमचे सबंध कवच तडकवू शकते. खालच्या स्क्रूला चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप जमलेला असेल तर ती दात्यांची नित्याची झीज, परंतु बोटाला टोचणारी कीस लागली तर मामला गंभीर आहे. नवे तेल भरायचे तेही खालूनच. वरच्या भोकातून बुडबुडे थांबून तेलाची अखंड धार येऊ लागली म्हणजे आत हवा उरली नाही अशी खातरजमा होते.

ड्राइव्ह उतरवण्याचे काम वसंतातले. अल्फा वन उतरवताना गिअर पुढच्या दिशेत टाकलेला असावा लागतो, नाहीतर आतला गिअरचा दांडा मोकळा होत नाही. ड्राइव्ह मागच्या कवचाला सहा नटांनी धरून ठेवलेला असतो. ते काढले की ते अवजड धूड मागे सरकते, आणि ते पेलण्यासाठी भाऊजींनी लाकडी चौकटीचा चाकांचा एक गाडा स्वतः बनवला आहे. ड्राइव्ह बाजूला झाला की बेलोजच्या आतला भाग उघडा पडतो, आणि तेथे दिवा धरून पाहणे हा या सबंध कामाचा गाभा होय. आत कोरडे असावे. गंजाचा तांबूस डाग, साचलेल्या पाण्याची रेघ, किंवा शक्ती बाहेर नेणाऱ्या दुहेरी सांध्याच्या टोप्यांवरची लाल भुकटी दिसली, तर रबर कोठेतरी फुटले आहे हे निश्चित. मग ते डोळ्यांना अभंग दिसो वा न दिसो. भाऊजी प्रत्येक घडी दोन अंगठ्यांनी फाकवून तिच्या तळाशी प्रकाश टाकतात, आणि शंका आली तरी नवे बेलोज घालतात. सांध्याचे बेलोज, धुराच्या वाटेचे बेलोज आणि गिअरच्या तारेवरचे लहान बेलोज अशी ती तीन असतात. एक बदलायचे म्हणून मागचे कवच बिजागरीच्या खिळ्यांतून सोडवले की उरलेली दोन जुनी ठेवणे ही खोटी काटकसर होय. बोट उभी करून ठेवताना ड्राइव्ह नेहमी खाली सोडलेला असावा, कारण वर उचललेल्या स्थितीत रबर महिनोन् महिने वाकलेले राहते आणि त्याच वळणावर फुटते, ही गोष्टही याच ठिकाणी हात घालणाऱ्यास आपोआप पटते.

बेलोजच्या पलीकडे, आतल्या बाजूस, गिंबल बेअरिंग बसलेले असते. त्यात बोट घालून ते हळू फिरवले असता खरखर लागू नये. बोट वेगाने वळवताना पिछाडीतून जी घरघर ऐकू येते ती बहुधा याचीच, आणि नव्या बेअरिंगची किंमत खराब बेअरिंगमुळे होणाऱ्या हानीच्या मानाने अत्यल्प आहे. बेअरिंग बसले की येते ते संरेखनाचे काम, आणि मला स्वतःला ते सर्वांत सुंदर वाटते. एक लांब, घोटीव पोलादी दांडा बाहेरून बेअरिंगमधून आत घालायचा, तो इंजिनाच्या मागच्या कपलरच्या दात्यांत जावा लागतो. इंजिन आपल्या जागी किंचित खाली बसले असेल, कारण पाठीमागचा आधार पक्का असला तरी पुढच्या दोन आधारांखालचे लाकूड आणि रबर वर्षानुवर्षे दबत जाते, तर दांडा अडतो. मग भाऊजी आत उतरून पुढच्या आधाराचा मोठा नट पाव फेरा वर घेतात, बाहेर येतात, दांडा पुन्हा घालतात, बाहेर काढून त्याच्या टोकाला लावलेल्या ग्रीसवर दात्यांचे ठसे पाहतात, आणि पुन्हा आत उतरतात. ठसे एकाच बाजूस खोल उमटले असतील तर काम बाकी आहे. सर्व बाजूंनी सारखे उमटले, आणि दांडा दोन बोटांच्या चिमटीत सहज आत-बाहेर सरकू लागला, म्हणजे संरेखन साधले. हे न करता ड्राइव्ह जबरीने ढकलून बसवणारे कारागीरही असतात. त्यांच्या हातची बोट एक हंगाम चालते, मग कपलरचे दाते झिजून गुळगुळीत होतात, आणि कपलर बदलायचे तर सबंध इंजिन उचलून बाहेर काढावे लागते. घरच्या मालकाला वेळेचा हिशेब कोणास द्यायचा नसतो. म्हणूनच ही पाव-पाव फेऱ्यांची येरझार त्यास परवडते, आणि स्वतः काम करण्याच्या बाजूने याहून सबळ पुरावा मला माहीत नाही. शेवटी सहा नट एकआड एक, टप्प्याटप्प्याने, 68 न्यूटन-मीटर, म्हणजे जुन्या मापाने 50 फूट-पौंडांपर्यंत आवळायचे.

पाणी ओढणारा रबरी इंपेलर या ड्राइव्हच्या खालच्या भागात असतो. त्याची पाती ज्या बाजूस वाकून राहिली ती तशीच राहू लागली की त्याची मुदत भरली. एखादे पाते तुटलेले आढळले तर त्याचा तुकडा पाण्याच्या वाटेत शोधून काढलाच पाहिजे, अन्यथा तो पुढे कोठेतरी अडकून इंजिन तापवतो. झेब्रा शिंपल्यांचा उपद्रव उत्तर अमेरिकेत प्रथम उघडकीस आला तो लेक सेंट क्लेअरमध्येच, 1988 साली. तेव्हापासून तिकडच्या बोटवाल्यांना पाणी घेण्याच्या जाळीवर जास्तच लक्ष ठेवावे लागते. ड्राइव्हचे गंजापासून रक्षण करण्यासाठी जे धातूचे बळी जोडतात ते गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे आणि खाऱ्यात जस्ताचे असावेत, एवढे येथे सांगितले म्हणजे पुरे.

हिवाळ्याच्या बंदोबस्तात मात्र हयगय चालत नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि बिडाचे ओतीव इंजिन त्या दाबापुढे टिकत नाही. इंजिनाच्या दोन्ही अंगांचे आणि दोन्ही मॅनिफोल्डांचे बूच काढल्यावर पाणी आले नाही, म्हणजे आत पाणी नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्यांच्या बोटी वसंतात फुटलेल्या सापडतात. कारण भोकाच्या तोंडाशी गंजाचा आणि वाळूचा गाळ बसलेला असतो. भाऊजी प्रत्येक भोकात तार घालून तो गाळ कोरतात, आणि मग अडलेले पाणी तपकिरी रंगाने बाहेर पडते.

सुधारणांचा प्रश्न येतो तो यानंतर. चकचकीत आसने, नवे ध्वनियंत्र, पोलादी पंखा, या गोष्टींना माझा विरोध नाही. परंतु जुन्या बोटीत पहिला हक्क पेट्रोलच्या नळ्यांचा आहे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते, आणि एक ठिणगी तिला पुरते. म्हणून भाऊजींनी जुन्या नळ्या काढून अमेरिकन तटरक्षक दलाच्या ए-वन वर्गातल्या, अडीच मिनिटे ज्वाळेत टिकण्याच्या कसोटीस उतरलेल्या नळ्या घातल्या. याच कारणाने मोटारगाडीचा आल्टरनेटर किंवा स्टार्टर, तो आकाराने हुबेहूब बसत असला आणि स्वस्त मिळत असला तरी, बोटीत कदापि बसवू नये. बोटीसाठी बनवलेल्या यंत्राची ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोचणार नाही अशी तजवीज केलेली असते, गाडीच्या यंत्रात ती नसते. त्यानंतर तळाचे पाणी उपसणारा मोठा पंप, पाणी चढताच आपोआप चालू करणाऱ्या तरंगत्या कळीसह. त्याची तार थेट बॅटरीपासून, स्वतंत्र फ्यूजमधून, म्हणजे मुख्य कळ बंद असतानाही तो जागा राहतो. तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या, आणि प्रत्येक सांधा चिमट्याने दाबून वर तापल्यावर आवळणाऱ्या नळीने बंद केलेला. या कामाची शोभा कोणास दिसत नाही, आणि त्यातच माझ्या मते त्याची प्रतिष्ठा आहे.

बोट पाण्यात उतरवताना भाऊजी ती गाड्यावरून लगेच सोडत नाहीत. पिछाडी बुडेपर्यंत गाडा मागे न्यायचा, इंजिनावरचे झाकण उघडायचे, आणि विजेरी घेऊन पिछाडीच्या फळीच्या आतल्या अंगाकडे काही काळ पाहत बसायचे. नवे बेलोज गळत असेल तर ते येथे कळते, आणि येथून बोट परत ओढून घेता येते. मग वाफ काढणारा पंखा चार मिनिटे चालवायचा, तळाशी वाकून वास घ्यायचा, आणि नंतरच चावी फिरवायची. तापमानाचा काटा आपल्या जागी स्थिर झाला, दोन्ही बाजूंस पूर्ण वळण घेऊनही घरघर आली नाही, म्हणजे ती बाब नोंदवहीत तारखेसह दाखल होते. ड्राइव्ह किती उचलला ते दाखवणारा काटा अद्याप नीट चालत नाही. त्याचे दोन सेन्सर आणि त्यांच्या तारा बदलण्याचे काम पुढल्या हंगामाच्या पानावर लिहून ठेवले आहे.