स्तरित प्रतिमांचे जतन

स्तरित प्रतिमा म्हणजे पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तशा अनेक स्तरांनी, म्हणजेच लेयर्सनी, बनलेली संगणकीय प्रतिमा होय. छायाचित्र, त्यावरील दुरुस्ती, रंगछटा आणि मजकूर तीत स्वतंत्र राहतात. हे स्वातंत्र्य टिकणार की नाही, हे फाइलच्या स्वरूपावर ठरते.

उदाहरण
१९७३ साली यवतमाळ येथे ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. अशा प्रसंगाचे जुने कृष्णधवल छायाचित्र दुरुस्त करताना तळाशी मूळ स्कॅन, त्यावर डाग व ओरखडे बुजवणारा स्तर आणि सर्वांत वर नावांचा मजकूर अशी रचना करतात. डागासोबत एखाद्याच्या गालावरचा तीळ पुसला गेला, तरी दुरुस्तीचा स्तर बंद करून मूळ पाहता येते. स्तर एकत्र केलेल्या सपाट प्रतीत मात्र कॅमेऱ्याने टिपलेले कोणते आणि दुरुस्ती करणाऱ्याने रंगवलेले कोणते, हे कळत नाही. पुरावा म्हणून अशा प्रतीचे मोल निम्मे होते.

६ × ८ इंचांचे छायाचित्र ६०० डीपीआयवर स्कॅन केल्यास सुमारे १.७३ कोटी बिंदू होतात. ८ बिट कृष्णधवल रूपात ते साधारण १७ एमबी, तर रंगीत रूपात ५२ एमबी जागा घेते. दुरुस्तीचा स्तर बहुतांशी रिकामा असल्याने संक्षेपानंतर त्याचा भार किरकोळ राहतो. तेव्हा जागेच्या भीतीने स्तर एकत्र करण्याचे कारण सहसा नसते.

स्वरूपे
फोटोशॉपचे पीएसडी स्वरूप मुद्रणव्यवसायात रूढ आहे. त्याची मर्यादा २ जीबी व प्रत्येक बाजूस ३०,००० बिंदू एवढी असून त्यापुढे पीएसबी वापरावे लागते. गिम्प या मुक्त प्रणालीचे स्वरूप एक्ससीएफ होय. टिफमध्ये फोटोशॉप स्तर साठवू शकते, परंतु इतर बऱ्याच प्रणालींना त्यातील केवळ सपाट चित्र दिसते. जेपेगमध्ये ना स्तर राहतात, ना पारदर्शकता. पीएनजीत पारदर्शकता राहते, स्तर राहत नाहीत.

संक्षेप
झिप व एलझेडडब्ल्यू या पद्धतींत एकही बिंदू बदलत नाही. १६ बिट प्रतिमेवर एलझेडडब्ल्यू वापरल्यास फाइल उलट फुगते, म्हणून तेथे झिप बरी. पीएनजीची ० ते ९ ही पातळी गुणवत्तेची समजली जाते, तो गैरसमज आहे. तिने केवळ वेळ व आकार बदलतो. जेपेगचे तसे नाही. ते चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन करून बारीक तपशील गाळते आणि पुनःपुन्हा बदल करून जतन केल्यास हानी साचत जाते. फोटोशॉपमधील १२ पर्यंतचे व गिम्पमधील १०० पर्यंतचे गुणवत्ता-अंक परस्परांशी ताडून पाहू नयेत.

देवनागरी मजकूर
जेपेगमध्ये अनुस्वार, रफार यांसारखी बारीक चिन्हे प्रथम धूसर होतात. रंगीत अक्षरांच्या कडा तर विशेषच. स्तरित फाइलमध्ये मजकूर शाबूत राहतो, पण फाँट बहुधा फाइलसोबत जात नाही. युनिकोडपूर्व मराठी फाँट दुसऱ्या संगणकावर नसेल, तर नावांच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. यासाठी युनिकोड फाँट वापरावा आणि मजकुराच्या स्तराची चित्ररूप प्रतही त्याच फाइलमध्ये ठेवावी.

विकिमीडिया कॉमन्सवर पीएसडी स्वीकारली जात नाही, एक्ससीएफ स्वीकारली जाते. लेखात दाखवण्यासाठी जेपेग किंवा पीएनजी प्रत त्याच फाइलमधून वेगळी काढावी.