पी. यू. ला मानसशास्त्र घेताना

एस.एस.एल.सी.चा निकाल लागला की आपल्याकडे घराघरांत एकच चर्चा सुरू होते, सायन्स की कॉमर्स? अशा वेळी एखाद्या मुलीने ‘मला आर्ट्सला जाऊन मानसशास्त्र घ्यायचंय’ असे म्हटले की क्षणभर सगळे गप्प होतात. मग आजोबा हसून म्हणतात, ‘म्हणजे शेवटी धारवाडलाच जाणार की गं तू!’ धारवाडच्या मानसिक रुग्णालयाचे नाव थट्टेत घेण्याची आपल्या भागाची ही जुनी खोड. थट्टा राहू द्या, पण मुलीचे म्हणणे नीट ऐकून घ्यायला हवे. कारण इथे झालेली एक गल्लत पुढे निस्तरणे जड जाते.

ती गल्लत सायकियाट्रिस्ट आणि सायकॉलॉजिस्ट या दोन शब्दांची. सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, हा आधी डॉक्टर असतो. एम.बी.बी.एस. करून मग तो मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतो. त्यासाठी ‘नीट’ परीक्षा आली आणि पी.यू.ला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्रही आले. सायकॉलॉजिस्टची वाट बी.ए., एम.ए. अशी जाते. रुग्णांवर काम करणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे तर त्यापुढे आणखी प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. औषधे लिहून देणारी डॉक्टर व्हायचे स्वप्न मनात ठेवून मुलगी आर्ट्सला गेली, तर दोन वर्षांनी रडण्याची पाळी येते. उलट, बहुतेक कॉलेजांत बी.ए.ला मानसशास्त्र घेण्यासाठी पी.यू.ला तो विषय असण्याची सक्ती नसते. तेव्हा नक्की ठरत नसेल तर घाबरून जाण्याचे कारण नाही.

विषय ठरला तरी कॉलेज शोधावे लागते. पी.यू.ला दोन भाषा आणि चार ऐच्छिक विषय असतात, पण मानसशास्त्र प्रत्येक कॉलेजात मिळत नाही. फॉर्म भरण्यापूर्वी ऑफिसात जाऊन विचारावे, आणि प्रयोगशाळाही बघून यावी. हो, या विषयाला प्रात्यक्षिके असतात! अनेक पालकांना हे ठाऊकच नसते.

‘तुला हा विषय का घ्यावासा वाटतो?’ हा प्रश्न पालकांनी जरूर विचारावा. मात्र उलटतपासणीच्या सुरात नको. काही मुले स्वतःच्या मनातल्या घालमेलीचे उत्तर सापडेल म्हणून मानसशास्त्राकडे वळतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण पुस्तक म्हणजे उपचार नव्हे. अभ्यासक्रमात मनोविकारांचे प्रकरण आले की मुले स्वतःला आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक आजार चिकटवू लागतात. खरोखरच झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल, तर निकालाची आणि कॉलेजची वाट बघू नये. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो.

आता भाषेचे. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या मुलांना हा विषय इथे बहुधा इंग्रजीतून किंवा कन्नडमधून शिकावा लागतो. कन्नड येते म्हणून निर्धास्त राहू नये, कारण ओळखीचे शब्दच इथे फसवतात. मराठी मानसशास्त्रात ‘लर्निंग’ला अध्ययन म्हणतात. कन्नडमध्ये त्याला ‘कलिके’ म्हणतात आणि ‘अध्ययन’ म्हणजे आपला अभ्यास. बरे, कन्नडमधला ‘अभ्यास’ म्हणजे सराव किंवा सवय! ‘रीइन्फोर्समेंट’ मराठीत प्रबलन, कन्नडमध्ये ‘पुनर्बलन’. सुट्टीत एक वही करावी आणि प्रत्येक संज्ञा तीन रकान्यांत लिहावी: इंग्रजी, कन्नड, मराठी. महाराष्ट्राच्या अकरावी-बारावीची मानसशास्त्राची पाठ्यपुस्तके मराठीत आहेत. अभ्यासक्रम वेगळा असला तरी कल्पना समजून घ्यायला ती उपयोगी पडतात.

नुसती संज्ञा पाठ करून मात्र भागत नाही. ‘निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट’ म्हणजे शिक्षा, असे कितीतरी मुले परीक्षेत लिहितात. ते चूक आहे. आई ‘अभ्यासाला बस, बस’ म्हणून पाठीस लागते. मुलगा पुस्तक घेऊन बसतो आणि कटकट थांबते. त्रासदायक गोष्ट दूर झाल्यामुळे पुस्तक घेऊन बसणे वाढते, हे ते ऋण प्रबलन. (पुस्तकाआड मोबाईल असला तरी कटकट थांबतेच, हा भाग वेगळा.) शिक्षेने वर्तन कमी होते, प्रबलनाने वाढते. असे घरचे उदाहरण शोधले की व्याख्या आपोआप लक्षात राहते.

दोन भाषांच्या घरात एक प्रयोग तर फारच छान करता येतो. १९३५ साली जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने रंगांच्या नावांचा प्रयोग प्रसिद्ध केला. (त्याच वर्षी म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरी ‘आकाशवाणी’ नावाचे रेडिओ केंद्र सुरू केले. देशाच्या नभोवाणीला पुढे तेच नाव मिळाले.) एका कागदावर देवनागरीत लाल, हिरवा, निळा, पिवळा हे शब्द मुद्दाम चुकीच्या शाईने लिहा, म्हणजे ‘लाल’ हिरव्या शाईने. दुसऱ्या कागदावर कन्नड लिपीत केंपु, हसिरु, नीली, हळदि तसेच लिहा. तिसऱ्यावर फक्त रंगीत ठिपके काढा. प्रत्येक कागदावर तेवढेच शब्द, तेवढेच ठिपके हवेत. आता घरातल्या प्रत्येकाने शब्द न वाचता शाईचा रंग मराठीत सांगायचा आणि मोबाईलवर वेळ मोजायची.

ठिपके भराभर सांगून होतात. शब्दांपाशी मात्र जीभ अडखळते, कारण वाचता येणाऱ्याला न वाचता राहवत नाही. कन्नड लिपी न येणारी आजी कन्नड कागदावर अडखळत नाही, आणि दोन्ही लिप्या सफाईने वाचणारी नात सहसा दोन्हीकडे अडखळते. अशा वेळी आजीचा चेहरा बघण्यासारखा असतो. मात्र सगळ्यांना कागद एकाच क्रमाने देऊ नयेत. पहिल्या कागदाचा सराव दुसऱ्याला उपयोगी पडतो आणि हिशेब चुकतो. काहींना आधी कन्नड द्यावा, काहींना आधी मराठी. आजीची वेळ आजोबांच्या वेळेशी लावू नये, तिच्याच ठिपक्यांच्या वेळेशी लावावी. वेळा वहीत तारखेसह लिहून ठेवाव्यात. कॉलेज सुरू झाल्यावर लेक्चररना दाखवता येतील.