ताटातील गणित

प्रत्येक घासाचा हिशेब ठेवण्याची एक नवी शिस्त अलीकडे सुशिक्षित मध्यमवर्गात रुजली आहे. भ्रमणध्वनीवर कॅलरी मोजल्या जातात, प्रथिनांचे ग्रॅम नोंदले जातात आणि पुरणपोळीवर तूप वाढणाऱ्या हाताकडे घरातील तरुण मंडळी संशयाने पाहतात. शरीर हा जणू कारखाना, अन्न हा कच्चा माल आणि जेवण ही शक्य तितक्या लवकर उरकावयाची प्रक्रिया! अर्थशास्त्राला मात्र हा प्रयोग नवा नाही. त्याने तो फार पूर्वीच करून पाहिला आहे.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी 1945 साली एक साधा प्रश्न विचारला. कष्टाचे माफक काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला आवश्यक ती सर्व पोषकद्रव्ये कमीत कमी किती पैशांत मिळू शकतील? त्यांनी 77 खाद्यपदार्थ आणि 9 पोषकद्रव्ये घेऊन हिशेब मांडला. उत्तर आले ते 1939 च्या भावाने वर्षाला 39 डॉलर 93 सेंट. यादीत पदार्थ अवघे पाच होते : गव्हाचे पीठ 370 पौंड, वाळवलेला घेवडा 285 पौंड, कोबी 111 पौंड, पालक 23 पौंड आणि आटवलेल्या दुधाचे 57 डबे. पुढे 1947 साली जॉर्ज डँट्झिग यांच्या नव्या गणिती पद्धतीने हेच कोडे पुन्हा सोडविण्यात आले. नऊ कारकून हाताने चालविण्याच्या गणनयंत्रांवर बसले आणि या कामी एकूण 120 मनुष्यदिवस खर्ची पडले. इतक्या खटाटोपातून स्टिग्लर यांच्या उत्तरात 24 सेंटांची बचत झाली!

हा आहार कोणी घ्यावा, असे खुद्द स्टिग्लर यांचेही म्हणणे नव्हते. आहारतज्ज्ञांनी सुचविलेला स्वस्तातला आहारदेखील या हिशेबापेक्षा कितीतरी महाग पडत असे. त्या फरकाचे कारण त्यांनी नेमके ओळखले होते. चव, विविधता आणि विशिष्ट पदार्थांना समाजात असलेला मान यांची किंमत त्या वाढीव रकमेत होती. म्हणजे गणितात जे धरले नव्हते, त्यालाच सामान्य माणूस जेवण म्हणतो.

डँट्झिग यांचा स्वतःचा अनुभव तर अधिकच गमतीचा आहे. वजन कमी करण्याचा सल्ला मिळाल्यावर त्यांनी आपला आहार संगणकाकडूनच ठरवून घेण्याचे योजले. पोट भरल्याची भावना जास्तीत जास्त यावी, ही अट घातली. संगणकाने प्रथम सुचविले ते कित्येक पिंपे भरतील इतके, 500 गॅलन व्हिनेगर. ती चूक दुरुस्त केल्यावर त्याने मांसरसाच्या खारट वड्या, दिवसाला 200, खाण्याचा आदेश दिला. प्रत्येक वेळी नवे बंधन घालावे आणि प्रत्येक वेळी नवे चमत्कारिक उत्तर यावे, असे चालले होते. अखेर त्यांच्या पत्नीने हे काम आपल्याकडे घेतले.

मधुमेही माणसाने मोजून खावे, यात वाद नाही. आकड्यांचे स्थान आणखी एका ठिकाणी निर्विवाद आहे; ते म्हणजे अर्धपोटी माणसाचा हक्क सिद्ध करताना. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 साली दारिद्र्याचा अभ्यास मांडला, तेव्हा माणशी दररोज 2250 कॅलरी हा निकष धरला. तो नसता तर देशातील भूक शासनाला दाखवून देणे कठीण झाले असते. अर्थात तेथेही, एकच सरासरी प्रत्येकाची गरज कशी मानावी, असा आक्षेप पां. वा. सुखात्मे यांनी घेतला होता. एकाच निरोगी माणसाची गरजही सदासर्वकाळ सारखी राहत नाही, हे त्यांचे प्रतिपादन होते. उपाशी माणसासाठी आखलेली किमान रेषा भरल्या पोटाच्या माणसाने स्वतःवर उगारलेली छडी व्हावी, हा मात्र विचित्र उलटफेर आहे.

आणि गरिबाला तरी नुसत्या कॅलरी का पुरे व्हाव्यात? ज्वारीच्या भाकरीबरोबर तो ठेचा मागतो, सणाला उसनवारी करून गूळ आणतो. व्यवस्थापनाच्या भाषेत ही उधळपट्टी ठरेल. वस्तुतः दिवसभराच्या कष्टानंतर त्याच्या वाट्याला येणारी ती बहुधा एकमेव चैन असते.

शाळेतील मध्यान्ह भोजनाचे मापही असेच ठरलेले आहे : पाचवीपर्यंतच्या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने. खिचडी करपली किंवा अळणी झाली, तरी कागदावर हे माप पुरे भरते. मुले मात्र ताटली तशीच सरकवितात, हे प्राथमिक शिक्षकांना कोणी सांगावयास नको. त्याच योजनेत आणखी एक नियम आहे. अन्न मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने त्याची चव घ्यावी. नियमाचा हेतू सुरक्षिततेचा आहे, हे खरे. पण मीठ कमी पडले असेल तर ते त्याच वेळी घालता येते.