खंडणी, युद्ध आणि नागरिक : रॅन्समवेअरने उभे केलेले तीन प्रश्न

मंडळी, आजचा विषय तसा संगणकशास्त्राचा. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा आम्ही यावर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण रॅन्समवेअरने जे प्रश्न उभे केले आहेत, ते सगळेच काही तंत्रज्ञांनी सोडवायचे नाहीत. सुरक्षा म्हणजे कोणाची सुरक्षा? युद्ध कशाला म्हणायचं? गुन्हेगाराला पैसे देऊन सुटका करून घ्यावी का? हे जुनेच प्रश्न आहेत, आज फक्त नव्या वेशात समोर आले आहेत. त्यांचा क्रमाने विचार करू.

आधी रॅन्समवेअर म्हणजे काय ते पाहू. चोर घरात शिरला आणि दागिने घेऊन गेला, ही झाली साधी चोरी. आता समजा, त्याने काहीच नेलं नाही. तुमच्याच कपाटांना आपली कुलपं लावली आणि किल्ली घेऊन निघून गेला. वस्तू तुमच्या घरात, मालकी तुमची, पण उपयोग शून्य. रॅन्समवेअर नेमकं हेच करतं. फसवा ईमेल, चोरलेला पासवर्ड किंवा सॉफ्टवेअरमधली एखादी उणीव, यांतल्या कुठल्याही वाटेने ते आत शिरतं, फायली कूटबद्ध करतं आणि पडद्यावर सूचना झळकते : इतके बिटकॉइन द्या, किल्ली देतो. अलीकडे तर हे लोक कुलूप लावण्याआधी माहितीची प्रत काढून घेतात आणि पैसे न दिल्यास ती उघड करू, अशी दुसरी धमकीही देतात.

याला आपण मराठीत खंडणी म्हणतो. हा शब्द मोठा बोलका आहे बरं का. इतिहासाच्या पुस्तकात खंडणी ही राज्यसत्ता वसूल करते. आजच्या वर्तमानपत्रात ती गुंड वसूल करतो. एकच शब्द राजालाही चालतो आणि दरोडेखोरालाही. रॅन्समवेअरची सगळी गुंतागुंत या दुहेरी अर्थात आहे. पैसे मागणारा भुरटा आहे की त्याच्या मागे एखादं राष्ट्र उभं आहे, हेच पुष्कळदा कळत नाही.

आता पहिला प्रश्न : सुरक्षा कोणाची? १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं. सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. प्रत्येकाकडे मागणी होती ३०० डॉलरची. सर्वांत मोठा फटका बसला तो ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेला. हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या, काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसऱ्या इस्पितळांकडे वळवाव्या लागल्या. एका तरुण संशोधकाला त्या प्रोग्रॅममध्ये एक विचित्र वेबपत्ता सापडला. त्याने तो स्वतःच्या नावावर नोंदवला आणि प्रसार थांबला. पुढे अमेरिका आणि ब्रिटनने या हल्ल्यासाठी उत्तर कोरियाला जबाबदार धरलं.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. हे रॅन्समवेअर ज्या वाटेने आत शिरलं, ती विंडोजमधली उणीव अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला आधीपासून ठाऊक होती. हेरगिरीला उपयोगी म्हणून तिने ती गुप्त ठेवली आणि तिच्यावर आधारलेलं हत्यार तयार केलं. ते हत्यार चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये इंटरनेटवर सर्वांसाठी खुलं झालं. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती, पण असंख्य संस्थांनी ती बसवलीच नव्हती. म्हणजे दोष वाटला गेला : हल्लेखोराचा, गुपित दडवणाऱ्याचा आणि दुरुस्ती टाळणाऱ्याचा.

आता बघा, हॉब्जसारख्या विचारवंताने राज्यसंस्थेचं समर्थन कशावर केलं? राज्य आपल्याला संरक्षण देतं, म्हणून आपण त्याची आज्ञा पाळतो. मग राज्य जेव्हा शत्रूवर नजर ठेवण्यासाठी एखादी उणीव झाकून ठेवतं, तेव्हा ती उणीव शत्रूच्याच संगणकात असते का? नाही. ती तुमच्या इस्पितळातही असते, बँकेतही असते. राज्याची सुरक्षा आणि नागरिकाची सुरक्षा या दोन गोष्टी एकच आहेत, असं आपण गृहीत धरतो. इथे त्या एकमेकींच्या विरोधात उभ्या राहतात. हा प्रश्न एकट्या अमेरिकेचा नाही. जो जो देश अशी हत्यारं बाळगतो, त्याच्या नागरिकांनी तो विचारायला हवा.

दुसरा प्रश्न : युद्ध कशाला म्हणायचं? वॉनाक्रायनंतर सहा आठवड्यांनी, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ आलं. युक्रेनमध्ये करभरणा आणि हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते सोडलं गेलं. पडद्यावर खंडणीची मागणी होती, पण ती नुसती सोंग होती. पैसे भरले तरी फायली परत मिळवण्याची सोयच त्यात नव्हती. उद्देश विध्वंसाचा होता, वेश खंडणीखोराचा.

रोख युक्रेनवर होता, पण संगणकाच्या जाळ्याला सीमा नसते. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली. तिला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत पुन्हा उभे करावे लागले. या कंपनीच्या समूहाकडे आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल चालवायला होतं. तिथलं काम ठप्प झालं. युक्रेनमधला वाद, डॅनिश कंपनी आणि कंटेनर अडकले उरणजवळ! उरणच्या माणसाचा या भांडणाशी काय संबंध होता? काहीच नाही. तरी झळ त्याच्यापर्यंत पोचली.

अमेरिका, ब्रिटन आणि इतर देशांनी रशियाच्या लष्कराला दोषी ठरवलं. रशियाने ते नाकारलं. मग हे युद्ध झालं की गुन्हा? हा प्रश्न शेवटी न्यायालयात गेला, तोही विम्याच्या निमित्ताने. मर्क या औषध कंपनीने सुमारे १४० कोटी डॉलरच्या नुकसानीची भरपाई मागितली. विमा कंपन्या म्हणाल्या, ही युद्धजन्य कृती आहे आणि युद्धाचं नुकसान पॉलिसीत बसत नाही. न्यू जर्सीच्या न्यायालयांनी ते मान्य केलं नाही. त्यांच्या मते पॉलिसीतलं ते कलम पारंपरिक लष्करी कारवाईपुरतं होतं. त्यानंतर विमा व्यवसायाने आपल्या पॉलिसींची भाषा बदलायला सुरुवात केली. शब्दांच्या व्याख्या हा तत्त्वज्ञांचा रिकामपणाचा उद्योग आहे, असं म्हणणाऱ्यांनी हा खटला जरूर पाहावा!

याला जोडूनच पुराव्याचा प्रश्न येतो. नैयायिकांचं उदाहरण आपल्याला माहीत आहे : डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे विस्तव असणार. पण धुक्यालाच धूर समजलो तर? त्याला ते हेत्वाभास म्हणतात. सायबर हल्ल्यात हे धुकं मुद्दाम पसरवलं जातं. २०१८ च्या दक्षिण कोरियातल्या हिवाळी ऑलिंपिकवर हल्ला झाला, तेव्हा त्या प्रोग्रॅममध्ये उत्तर कोरियाकडे बोट दाखवणाऱ्या खुणा पेरलेल्या होत्या. बारकाईने तपास केल्यावर त्या बनावट निघाल्या आणि पुढे आरोप झाला तो रशियन अधिकाऱ्यांवर. हल्ला झाला की संध्याकाळच्या चर्चेत शत्रूराष्ट्राचं नाव घेऊन मोकळे होणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. चुकीच्या अनुमानावर दिलेलं प्रत्युत्तर निरपराधाच्या अंगावर जातं.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : पैसे द्यावेत का? मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी कोलोनियल पाइपलाइन काही दिवस बंद पडली. हल्लेखोर शिरले होते ते एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्याच्या पासवर्डने. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर भरले. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या होत्या. तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे सांगणं सोपं नाही. उलट २०२२ मध्ये कोस्टारिकाच्या सरकारने पैसे द्यायला नकार दिला. कर आणि सीमाशुल्क यांच्या यंत्रणा कोलमडल्या आणि मे महिन्यात राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर केली.

कांटची कसोटी इथे लावून पाहा. आपण जे करतो आहोत तो सर्वांसाठी नियम व्हावा, असं आपल्याला म्हणता येईल का? पैसे देणारा प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणपणाच करत असतो, पण त्या पैशातून पुढच्या हल्ल्याची तयारी होते. म्हणून ‘देऊ नका’ हा नियम योग्यच. मात्र अतिदक्षता विभागात माणसं असलेल्या इस्पितळाला हा नियम ऐकवताना आपला आवाज जरा खाली यायला हवा. नियमाची किंमत एकट्या बळीने का मोजायची? समाजाने ‘देऊ नका’ असं सांगायचं असेल, तर त्या संस्थेला पुन्हा उभं करण्याचा भारही समाजाने उचलला पाहिजे.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले आणि देशातल्या त्या अग्रगण्य इस्पितळात नोंदणीपासून अहवालांपर्यंतचं काम कितीतरी दिवस कागदावर चाललं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेने असे प्रकार सहा तासांच्या आत कळवण्याचा नियम केला होता. नियम चांगला आहे. पण संस्था अब्रूच्या भीतीने गप्प बसतात, आणि लपवलेला हल्ला दुसऱ्याला सावध करत नाही. साथीच्या रोगासारखंच आहे हे : एकाने लपवलं की गाव आजारी पडतं.

तेव्हा आपण काय करायचं? जाळ्यापासून वेगळी ठेवलेली माहितीची प्रत, वेळेवर केलेलं अपडेट, पासवर्डसोबत दुसरी खात्री, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार. यात वीरश्री काही नाही. पण सीमेवरचा जवान जी राखण करतो, तिचा एक छोटा हिस्सा आता आपल्या सोसायटीच्या कार्यालयातल्या, सहकारी बँकेतल्या आणि शाळेतल्या संगणकापुढे बसलेल्या माणसाकडे आला आहे. त्याला तो नीट करता यावा, यासाठी प्रशिक्षण आणि पैसा मागणं हा आपला हक्क आहे, आणि ते मिळाल्यावर आळस न करणं हे आपलं कर्तव्य.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.