बॅग सगळ्यात शेवटी

मोटारसायकलवर तंबू लादून निघायचं ठरलं की बहुतेक जण आधी बॅग विकत घेतात आणि मग तिच्यात काय काय मावतं ते बघत बसतात. मावतंय म्हणून भरलं जातं, आणि भरलंय म्हणून वाहिलं जातं. माझ्या भाच्याने हिमालयन ४५० घेतली आणि डिसेंबरात दिवेआगरपासून आंजर्ल्यापर्यंत किनाऱ्याने, जमेल तिथे तंबू ठोकत जायचं ठरवलं, तेव्हा त्याचीही गाडी याच रुळावरून निघाली होती. "मामा, ॲल्युमिनियमचे बॉक्सच घेऊन टाकतो. एकदाच काय तो खर्च." मी म्हटलं, आधी सगळं सामान हॉलमध्ये मांड. बॅगचं नंतर बघू.

त्याने मांडलं. माझी बहीण स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "हे काय, रुखवत मांडलंय?" तंबू, स्लीपिंग बॅग, फोमची चटई, गॅसचा छोटा स्टोव्ह, घडीची खुर्ची, घडीचं टेबल, स्पीकर, बिडाचा तवा, हत्यारांची पिशवी, पंप, रेनकोट, कपडे आणि आईने दिलेला लाडवांचा डबा. प्रवासी बॅगा तोलायचा हुकाचा काटा आणला आणि एकेक वस्तू पिशवीत घालून टांगली. पाणी धरून एकतीस किलो भरलं. खुर्ची, टेबल, स्पीकर आणि तवा बाजूला काढल्यावर बावीसवर आलं. लाडवांना हात लावायची हिंमत कोणी केली नाही.

आता वजनाचा हिशेब. या गाडीचं स्वतःचं वजन १९६ किलो आणि कंपनीने दिलेली एकूण वजनाची मर्यादा ३९४ किलो. म्हणजे माणसं आणि सामान मिळून १९८ किलो. एकटा जाणार असेल तर काळजीचं कारण नाही. पण हेल्मेट-जॅकेटसकट चालवणारा नव्वद आणि मागे बसणारा सत्तर धरला, तर उरतात अडतीस. त्यातच क्रॅशगार्ड, बॅगांच्या फ्रेमा आणि सामान बसवायचं. हा आकडा प्रत्येक गाडीच्या पुस्तकात असतो. पण ते पुस्तक घरी आल्यावर सीटखाली जातं आणि गाडी विकतानाच बाहेर निघतं.

वजनानंतर लांबी. सामानातली सर्वात लांब, न वाकणारी वस्तू कोणती? कॅम्पिंगमध्ये ती जवळजवळ नेहमी तंबूच्या काठ्यांची गुंडाळी असते, आणि तिच्याखालोखाल चटई. भाच्याच्या तंबूची पिशवी साठ सेंटिमीटरच्या आसपास होती. ही वस्तू बाजूच्या कुठल्याच बॅगेत जाणार नाही, मग ती बॅग केवढ्याचीही असो. ती मागच्या सीटवर आडवीच बसणार. एवढं कळलं की निम्मी निवड झालीच. बाजूच्या बॅगांनी फक्त उरलेलं सामान घ्यायचं, आणि ते भाच्याच्या बाबतीत दोन्ही मिळून चाळीस लिटरच्या आत बसत होतं. लिटरचा अंदाज येत नसेल तर घरोघरी येणारा पाण्याचा निळा जार डोळ्यांपुढे आणा. तो वीस लिटरचा असतो.

हे सगळं कागदावर घेऊन आम्ही नाना पेठेत गेलो. दुकानदाराने आधी बॉक्सच पुढे केले. "साहेब, लडाखला जाणारे सगळे हेच नेतात." देखणे होते, यात वाद नाही. कुलूप लागतं, पाणी शिरत नाही, मुक्कामाला वर बसून चहा पिता येतो. पण फ्रेमसकट जोडी काट्याला लावली तर रिकामीच बारा किलोच्या वर गेली. आमच्या एकूण सामानाच्या निम्म्याहून जास्त. शिवाय त्या बॉक्सांची रुंदी हँडलच्याही बाहेर जात होती. ताम्हिणीच्या वळणावर समोरून एसटी आली की हा फरक कळतो. आणि खरा मुद्दा पायांचा आहे. वाळूत किंवा खडीवर गाडी कलली, पाय टेकवला आणि तो बॉक्सखाली आला, तर पत्रा वाकत नाही, नडगी वाकते. कापडी बॅग अशा वेळी दबते. ज्यांचा प्रवास डांबरी रस्त्याने हॉटेल ते हॉटेल आहे, गाडी बाहेर उभी करून दिवसभर फिरायचं आहे, त्यांनी बॉक्स जरूर घ्यावेत. कुलपाला कापडी बॅगेकडे उत्तर नाही. तंबू घेऊन वाडीत आणि सुरूच्या बनात शिरणाऱ्याने घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

लडाखचा हा पगडा मजेशीर आहे. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपाजवळ पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध झाली आणि पेट्रोलचे कॅन लटकवायची लोखंडी फ्रेम 'लडाख कॅरियर' म्हणून देशभर विकली जाऊ लागली. तिथे त्या कॅनला अर्थ होता. अलिबागला जाणाऱ्या गाड्यांवरही तेच कॅन दिसतात, बहुधा रिकामे.

सामान कसं लादायचं हे शिकायचं असेल तर पहाटे गावाकडून शहरात येणारा दूधवाला बघावा. त्याच्या किटल्या सीटच्या खाली, चाकाच्या दोन्ही अंगांना, लोखंडी आकड्यात घट्ट बसलेल्या असतात. डावी-उजवी बाजू सारखी, वजन जमिनीजवळ आणि होईल तितकं पुढे. मागच्या चाकाच्या आसापलीकडे, शेपटावर जड वस्तू ठेवली की ती पुढचं चाक उचलू बघते. घाट चढताना हँडल हलकं लागतं आणि वळणावर गाडी मनासारखी वळत नाही. म्हणून हत्यारं, पाणी, डबाबंद खाणं बाजूच्या बॅगांच्या तळाशी, चालवणाऱ्याच्या मांडीकडच्या टोकाला. मागे आडवं जायचं ते हलकं आणि फुगीर: तंबू, चटई, स्लीपिंग बॅग. पाठीवर सॅक नकोच. दोन तासांत खांदे भरून येतात आणि पडल्यावर सॅकेतला कठीण ऐवज मणक्यालाच भिडतो.

बॅगा बघताना दुकानदार कापडाचे आकडे सांगतो: ९०० डेनियर, १६८० डेनियर. नऊ हजार मीटर सूत जितके ग्रॅम भरेल तितके त्याचे डेनियर. म्हणजे हजार डेनियरचं नऊ किलोमीटर सूत एक किलो. यातून धाग्याचा जाडेपणा कळतो, बॅग किती टिकेल ते नाही. मी आधी पट्टा बॅगेला जिथे जोडलाय ती जागा बघतो. तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी दाट शिलाई हवी. एका ओळीत मारलेली टीप खड्ड्यांनी उसवते. मग पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघायचा. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी ओढायचा.

दुसरी गोष्ट पाण्याची. चेनच्या बॅगेवर वरून चढवायचं रेनकव्हर मला पटत नाही. ते वाऱ्याने फुगतं, एखाद्या दिवशी उडून जातं किंवा चाकात जातं, आणि टायरने खालून उडवलेलं पाणी त्याच्या तळाशीच साचतं. तोंड गुंडाळून बंद करायची, जोड वितळवून चिकटवलेली बॅग बरी. तोंडाला किमान तीन घड्या घातल्या की कोकणातली तांबडी धूळही आत जात नाही. पण अशा बॅगेचा एक उलटा गुण आहे. पाणी जसं आत येत नाही तसं आतलं बाहेरही जात नाही. समुद्रकाठी सकाळी तंबू दवाने ओला असतो. तो आत कोंबला तर रात्री स्लीपिंग बॅगही ओली. म्हणून तंबू बाहेरच, पट्ट्याखाली.

गाडीवर बॅग चढवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हे मी भाच्याला आधीच सांगितलं होतं. आपल्याकडच्या मोटारसायकलींवर डाव्या बाजूला साडीगार्ड असतो. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच त्याची सक्ती आहे. याचा फायदा असा की डावी कापडी बॅग चाकापासून आपोआप दूर राहते. उजवीकडे मात्र बहुतेक गाड्यांना सायलेन्सर असतो आणि बॅगेला आधार नसतो. रिकामी बॅग टांगल्यावर अंतर भरपूर वाटतं; भरल्यावर ती खाली उतरते, मागचा शॉकॲब्सॉर्बर दबतो, आणि घाटातून उतरल्यावर जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो. आम्ही उजव्या बाजूला एक साधी लोखंडी पट्टीची फ्रेम बसवून घेतली आणि दुकानासमोरच बॅगांत पाण्याच्या बाटल्या भरून भाच्याला सीटवर उड्या मारायला लावलं. बघे जमले. बॅग चार बोटं वर राहिली.

टाकीवरची बॅग छोटी घेतली. पाणी, टॉर्च, पंक्चरचं सामान, रेनकोट, बस. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं. बॅग हॉर्नच्या बटणाला लागत नव्हती. बंजी म्हणजे आकड्यांची रबरी दोरी मात्र मी घेऊ दिली नाही. ती ताणते म्हणून सामान हलत राहतं, आणि सुटली तर आकडा थेट डोळ्याकडे येतो. बकलचे सपाट पट्टे घेतले आणि त्यांची लोंबती टोकं गुंडाळून चिकटपट्टीने बांधली. मागचा दिवा, इंडिकेटर आणि नंबरप्लेट मोकळी आहे हे मागे उभं राहून पाहिलं.

मग भरल्या गाडीने जुन्या कात्रज घाटातून खेड शिवापूरपर्यंत आणि परत. वीस-एक किलोमीटरनंतर सगळे पट्टे बोटभर सैल झालेले असतात, ते पुन्हा आवळायचे. मागच्या टायरमध्ये हवा पुस्तकातल्या जादा भाराच्या आकड्याप्रमाणे भरली, मागची स्प्रिंग घट्ट केली आणि वर गेलेला हेडलाइट खाली आणला.

सामानाची खरी परीक्षा बागमांडल्याच्या जेट्टीवर होते. वेश्वीला जाणाऱ्या फेरीबोटीचा लोखंडी उतार ओला असतो, पुढच्या जीपला घाई असते आणि मागचा माणूस हॉर्न वाजवतो. तिथे गाडी चालण्याच्या वेगाने, दोन्ही पाय टेकवत चढवावी लागते. वजन खाली असेल तर ती सरळ राहते. रुंद बॉक्स असतील तर पाय टेकवायलाच जागा नसते. भाचा चढला, उतरला आणि पलीकडे आल्यावर म्हणाला, "मामा, काहीच झालं नाही." सामानाकडून एवढीच अपेक्षा असावी.

त्याला सगळं मिळून बॉक्सच्या निम्म्याहून कमी खर्च आला. तुम्ही घेणार असाल तर गाडी आणि तंबू दोन्ही घेऊन दुकानात जा. भरून, टांगून, हलवून बघू देत नसतील, तर नाना पेठेत दुकानांना तोटा नाही.