गाडी वेगाची, टायर कोणता?



बुलडाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे येथील आमच्या काही तरुण वाचकांनी एक प्रश्न विचारला आहे. शर्यतीच्या आणि परदेशी वेगवान गाड्यांना जसे रुंद, चपटे टायर असतात, तसे आपल्या बोलेरोला किंवा जुन्या कारला बसवले, तर गाडी रस्ता अधिक घट्ट धरील काय? आणि निवडायचेच झाले तर टायर कशावरून निवडावा?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. आज आपल्या समाजातील कितीतरी तरुण कर्ज काढून गाडी घेतात व तिच्या भाड्यावर घर चालवतात. अशोक विजयादशमीला हीच गाडी आया-बहिणी, म्हातारी माणसे व लेकरे घेऊन नागपूरच्या दीक्षाभूमीकडे निघते. पूर्वी ही मंडळी मलकापूरला रेल्वे गाठीत. आता पुष्कळजण राजूर घाट चढून बुलडाणा, चिखली, मेहकर करीत समृद्धी महामार्गाला लागतात. तिथे कारला ताशी 120 किलोमीटरपर्यंत वेगाची परवानगी आहे. म्हणजे गाडी साधी असली तरी वेग साधा राहिलेला नाही. तेव्हा वेगाच्या गाडीचा टायर कसा निवडतात हे आपणही समजून घेतले पाहिजे.

सुरुवात शर्यतीपासूनच करू. उत्तर प्रदेशात बहन मायावती मुख्यमंत्री असताना 1997 मध्ये गौतम बुद्ध नगर नावाचा जिल्हा झाला. त्याच जिल्ह्यात ग्रेटर नोएडाजवळ मोटार शर्यतीचा मोठा मार्ग बांधला गेला व त्याचे नाव पडले बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट. 5 किलोमीटरपेक्षा थोडा अधिक लांबीचा हा मार्ग आहे. तिथे 2011, 2012 आणि 2013 अशी लागोपाठ तीन वर्षे फॉर्म्युला वन शर्यत झाली. 30 ऑक्टोबर 2011 च्या पहिल्या शर्यतीत जर्मनीचा सेबास्टियन व्हेटेल जिंकला, तेव्हा त्याच्या हाती चषक देणाऱ्या मायावतीच होत्या. (मध्यममार्ग सांगणाऱ्या तथागताचे नाव शर्यतीच्या मार्गाला मिळावे, याची आम्हाला थोडी गंमतही वाटते!)

तिन्ही वर्षे व्हेटेलच जिंकला. आपल्या विषयाच्या दृष्टीने 2013 ची शर्यत पाहण्यासारखी आहे. त्या वर्षी संघांना दोन प्रकारचे टायर दिले होते. एक मऊ, दुसरा त्याहून टणक. मऊ रबर रस्त्याला चिकटते, त्यामुळे गाडी वेगाने वळते, पण ते लवकर झिजते. टणक रबर टिकते, पण पकड कमी देते. नियमाप्रमाणे कोरड्या शर्यतीत दोन्ही प्रकार वापरावेच लागत. व्हेटेलने मऊ टायरवर सुरुवात केली, अवघ्या दोन फेऱ्यांनंतर ते काढून टाकले, टणक टायर चढवले आणि शर्यत जिंकली. त्याच दिवशी त्याचे चौथे जगज्जेतेपदही पक्के झाले. जगातील सर्वांत वेगवान चालकांपैकी एकाने सुद्धा नुसता सर्वांत चिकट टायर धरून ठेवला नाही. किती अंतर जायचे आहे आणि टायर किती वेळ तग धरील, याचा हिशेब त्याने आधी केला.

आणखी एक गोष्ट. या शर्यतीच्या कोरड्या टायरांवर नक्षी नसते, ते अगदी गोटा असतात. टीव्हीवर ते पाहून आपल्याकडचा एखादा भाऊ म्हणतो, "बघा, गोटा टायरच जास्त पकडतो!" हे अर्धे खरे आणि म्हणूनच फार धोक्याचे आहे. त्या टायरचे रबर मुद्दाम मऊ केलेले असते. शर्यतीआधी ते विजेच्या पांघरुणात गुंडाळून गरम करून ठेवतात. पावसाचा शिडकावा झाला की तोच जगज्जेता धावत आत येतो व नक्षीचे टायर बसवून घेतो. आपला गोटा टायर गोटा झाला तो झिजून. वरचे रबर संपले, उरले ते जुने आणि कडक. त्याला ना चिकटपणा, ना पाणी बाहेर फेकण्याची वाट. आपल्या भागात मृग बरसला की शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांची काळी माती डांबरावर पसरते आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो. त्यावर गोटा टायर म्हणजे बर्फावर ठेवलेली थाळी.

मग नक्षी किती असावी? टायरच्या खाचांमध्ये तळाशी ठिकठिकाणी रबराचे लहान उंचवटे दिलेले असतात. ते 1.6 मिलिमीटर उंच असतात. वरची नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, की कारचा टायर संपला असे समजावे. आमचे मत विचाराल तर पावसाळा तोंडावर असताना तितकीही वाट पाहू नये.

आता टायरच्या अंगावरची अक्षरे. आपल्या पोरांना मोबाइलचे सगळे नंबर पाठ असतात, पण ज्या चार टायरांवर सारे घर बसते त्यांच्यावर काय लिहिले आहे हे कोणी वाचत नाही. बोलेरोच्या टायरवर सहसा 215/75 आर 15 असे असते. 215 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. 75 म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 75 टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि 15 म्हणजे रिमचा व्यास इंचांत. त्यापुढे आणखी एक आकडा व अक्षर असते. तेच खरे महत्त्वाचे. आकडा भाराचा असतो. 91 असेल तर तो टायर 615 किलो भार पेलतो, 100 असेल तर 800 किलो. शेवटचे इंग्रजी अक्षर वेगाचे. 'एस' म्हणजे ताशी 180 किलोमीटर, 'टी' म्हणजे 190, 'एच' म्हणजे 210, 'व्ही' म्हणजे 240, 'डब्ल्यू' म्हणजे 270 आणि 'वाय' म्हणजे 300.

जर्मनीच्या पोर्शसारख्या गाडीचा मालक टायर घेतो तेव्हा तो हे अक्षर पाहतोच, शिवाय कंपनीने त्या गाडीसाठी मान्य केलेल्या टायरवर जी खास खूण असते तीही पाहतो. चारही टायर एका जातीचे घेतो. पुढचे व मागचे माप वेगळे असेल तर ते जसेच्या तसे ठेवतो. म्हणजे कोट्यवधींची गाडी असलेला माणूस सुद्धा टायरच्या बाबतीत मनमानी करीत नाही. मग हप्त्यावर घेतलेल्या गाडीला आपण ती का करावी?

रुंद टायरच्या मोहाबद्दल स्पष्टच सांगतो. मोठा रिम आणि चपटा टायर दिसायला झोकदार असतो, हे आम्हीही नाकारत नाही. पण चपट्या टायरची बाजूची भिंत दोन-तीन बोटे असते. खड्ड्यात चाक आदळले की दणका झेलायला रबर उरत नाही. रिम वाकते, भिंतीतील दोरे तुटतात व टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो फेकूनच द्यावा लागतो. मोताळा तालुक्यातील खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर असा टायर किती दिवस जगणार? शिवाय रुंद टायर साचलेल्या पाण्यावर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो. तो चिखलपट्टीला घासतो, तेल जास्त खातो. एकूण व्यास बदलला तर वेगाचा काटाही खोटे बोलू लागतो. आणि गाडीच्या कागदपत्रांत नसलेला बदल केला, तर अपघातानंतर विमा कंपनीला हरकत घ्यायला आयते निमित्त मिळते. तेव्हा भाड्याच्या गाडीला कंपनीने दिलेलेच माप ठेवावे. पकड वाढवायचीच असेल तर त्याच मापात चांगल्या रबराचा, ताजा टायर घ्यावा. ओल्या रस्त्यावर फरक लगेच कळतो.

जयंतीच्या मिरवणुकीत गाडी उठून दिसावी असे तरुणांना वाटते. त्या वाटण्यामागे काय आहे हे आम्ही जाणतो. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावच्या बैलगाडीतही बसू दिले गेले नाही, त्यांच्या नातवाला स्वतःच्या गाडीची शान वाटणारच. परंतु शान आणि सुरक्षा यांविषयी खुद्द बाबासाहेबांनी काय लिहून ठेवले आहे ते इथे आठवते. 'व्हिसाची वाट पाहताना' या त्यांच्या आठवणींत 1929 सालचा चाळीसगावचा प्रसंग आहे. ही आठवणींची पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1990 मध्ये प्रसिद्ध केली. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळे लाइनवरच्या एका गावी सामाजिक बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनवर उतरले. न्यायला टांगा आला, पण बराच वेळ खोळंबून. रस्त्यात टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या फरशीवर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोडा व टांगा खाली नदीत पडले. त्यांच्या पायाचे हाड मोडले, कित्येक दिवस त्यांना हिंडता-फिरता आले नाही.

नंतर उलगडा झाला तो असा. महारांना बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. पाहुण्याने पायी यावे हे वस्तीतल्या लोकांना पटेना. तोड निघाली ती अशी की टांगेवाल्याने टांगा भाड्याने द्यावा आणि हाकावा आपल्यातल्या एकाने. त्या भल्या माणसाने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. बाबासाहेबांनी लोकांचे प्रेम ओळखले, जातीच्या क्रूरपणावर बोट ठेवले, आणि त्याचबरोबर हेही नोंदवले की पाहुण्याच्या इभ्रतीपेक्षा त्याचा जीव मोलाचा, हा विचार लोकांच्या ध्यानातून निसटला होता.

आता आपल्यातले कितीतरी तरुण कसलेले चालक आहेत. चाकावर माणूस आपला आहे, गाडी आपली आहे. राहिले ते चाक.

चाकाचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता. आपल्याकडे एक समज फार जुना आहे की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो. पंक्चरवाले भाऊही कधी कधी तसेच सांगतात. हे उलटे आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते व सरळ होते. या दुमडण्यातूनच आतली उष्णता वाढते. तार वाकवून वाकवून तोडताना ती कशी गरम होते ते आठवा. वैशाखाचे ऊन, सिमेंटचा तापलेला रस्ता, गाडीत ठरल्यापेक्षा चार माणसे जास्त, आणि वर कमी हवा, असे जमले की टायरचे थर सुटू लागतात. म्हणून चालकाच्या दाराजवळ चिकटवलेल्या पट्टीवर जो आकडा असेल तितकी हवा भरावी. भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळावा. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी मोजावी. चालून गरम झालेल्या टायरची हवा वाढलेली दिसते, ती कमी करू नये. नायट्रोजनचे म्हणाल तर साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळाला तर भरा, त्यासाठी पैसे मोजण्याची आम्हाला गरज दिसत नाही. त्यापेक्षा हवा मोजण्याचे छोटे मीटर घेऊन गाडीत ठेवा.

जुन्या टायरचा बाजार ही आणखी एक चिंतेची बाब. मोठ्या शहरांतून उतरवलेले टायर काळा पॉलिश मारून गावोगाव विकले जातात. नक्षी भरपूर दिसते, भाव निम्मा असतो, पण रबर वयाने मेलेले असते. वय ओळखणे सोपे आहे. टायरच्या भिंतीवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. 3423 असेल तर तो टायर 2023 सालच्या 34व्या आठवड्यात बनला. चौकट आतल्या बाजूला असू शकते, म्हणून वाकून पाहावे. भिंतीवर बारीक भेगा दिसल्या तर तो टायर फुकटही घेऊ नये. नव्या टायरवर आयएसआयची खूण पाहावी. रिमोल्ड टायर ट्रकच्या मागच्या जोडचाकांना चालतात, माणसे नेणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांना बिलकूल नकोत.

सगळे चार घेण्याची ऐपत नसते, हे आम्ही जाणतो. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे बसवावेत. पुष्कळांना हे पटत नाही. पुढचा टायर घसरू लागला तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केला की बहुधा ताब्यात येते. मागचा टायर घसरला की गाडी गर्रकन फिरते आणि मग कसलेल्या चालकालाही सुचत नाही.

मोटारसायकलवाल्यांसाठी एवढेच, की पुढचा व मागचा टायर वेगळ्या कामाचा असतो, अदलाबदल करू नये आणि भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तो पाहूनच बसवावा. समृद्धी महामार्गावर दुचाकीला मुळातच बंदी आहे.

त्याच महामार्गावर 2023 मध्ये परिवहन खात्याने वाहनांचे टायर तपासायला सुरुवात केली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्यांना अडवले. ताशी 60 वरून 120 वर गेले की वेग दुप्पट होतो, पण गाडी थांबवायला जिरवावी लागणारी शक्ती चौपट होते. आणि ती जिरवायची असते टायरच्या तळहाताएवढ्या चार ठशांनी, कारण एका वेळी प्रत्येक टायरचा तेवढाच भाग रस्त्याला टेकलेला असतो.

शेवटी आमच्या भगिनींना एक विनंती. नागपूरला किंवा अजिंठ्याला जाण्यासाठी वस्तीतून गाडी ठरते, तेव्हा भाडे ठरवायला पुरुष मंडळी बसतात व गाडी कोणती, गाणी कोणती वाजणार याचीच चर्चा होते. इसार देण्यापूर्वी एका बाईने उठून चारही टायरांभोवती एक फेरी मारावी. खाचेत बोट घालावे, भेगा व फुगे पाहावेत, तारीख वाचावी. मग मागे जाऊन स्टेपनी दाखवायला सांगावे व तिच्यात हवा आहे का हे विचारावे. गाडीवाला आपलाच असेल तर तो रागावणार नाही, आणि रागावला तर दुसरी गाडी पाहावी.