युद्धाचा खर्च नेमका भरला कोणी?

कल्याणहून मलंगगडाकडे जाताना नेवाळी नाका लागतो. तिथली धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. उल्हासनगरमधले लोक आजही पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' म्हणतात, तेही त्याच काळातल्या लष्करी छावणीमुळे. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि पुढे शहर वसलं. म्हणजे लढाई लांब चालली असली तरी तिच्या खुणा आपल्या रोजच्या रस्त्यावर आहेत. मग प्रश्न पडतो, हे सगळं उभारायला पैसा कुठून आला?

मी मूळची संख्याशास्त्राची. पीएचडीसाठी जुन्या किमतींचे आकडे चाळताना याच प्रश्नाशी अडकले. आज तोच सोपा करून सांगते.

सरकारला युद्धासाठी पैसा उभा करायचे मुख्य मार्ग तीन: कर लावणं, लोकांकडून कर्ज घेणं, किंवा नोटा छापणं. पहिल्या दोन्हींत आपण किती देतोय ते आपल्याला कळतं. तिसऱ्यात कळत नाही. कसं ते बघा.

समजा, बाजारात तांदळाची 100 पोती आहेत आणि लोकांकडे मिळून 1000 रुपये. पोतं 10 रुपयांना जाईल. आता सरकार नव्या छापलेल्या 1000 रुपयांच्या नोटा घेऊन त्याच बाजारात उतरलं. पोती तेवढीच, पैसा दुप्पट. भाव झाला 20. सरकारने 50 पोती उचलली, लोकांना उरली 50. कोणी कर भरला नाही, पावती फाडली नाही, तरी अर्धा तांदूळ गेला!

भारतात मोठ्या प्रमाणावर हेच झालं. करार असा होता की ठरावीक मर्यादेपलीकडचा लष्करी खर्च ब्रिटनने द्यायचा. पण ती रक्कम लंडनमध्ये पौंडांत जमा व्हायची, आणि तिच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे नोटा काढायची. 1939 मध्ये चलनात सुमारे 180 कोटी रुपयांच्या नोटा होत्या, 1945 मध्ये सुमारे 1200 कोटींच्या. घाऊक किमती साधारण अडीच पट झाल्या. धातू वाचवायला 1943 पासून पैशाला मधोमध भोक पाडलं गेलं. तो भोकाचा पैसा कदाचित तुमच्याही घरात कुठल्यातरी डब्यात असेल.

यात फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याच्या गोदामात माल आहे त्याची चांदी होते, ठरलेल्या मजुरीवर जगणारा मरतो. हे 'मरतो' नुसतं बोलायचं म्हणून नाही. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे 30 लाख माणसं गेली, आणि त्यामागे इतर कारणांसोबत ही भाववाढही होती.

रेशनिंगचा खरा अर्थ इथे कळतो. मुंबईत ते मे 1943 मध्ये सुरू झालं. धान्य खिशाप्रमाणे न वाटता डोक्याप्रमाणे वाटायचं, एवढीच त्यामागची कल्पना. रांगेत उभं राहणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणायचं, तर ती रांग सगळ्यांसाठी असायला हवी.

युद्ध संपलं तेव्हा लंडनमध्ये भारताचे सुमारे 130 कोटी पौंड जमा होते. पुढे ते टप्प्याटप्प्याने मिळाले, पण सरकारला. ज्यांनी दोन घास कमी खाल्ले त्यांच्या नावाचं खातं कुठेच नव्हतं.

नेवाळीची गोष्ट याहून वेगळी नाही. धावपट्टीसाठी तेव्हा घेतलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून जून 2017 मध्ये तिथे आंदोलन पेटलं, गाड्या जळल्या, शेतकरी आणि पोलीस दोघेही जखमी झाले. आपल्याला वाटतं, अचानक कसं काय? अचानक नव्हतंच ते. युद्धाच्या नावाने घेतलेलं परत द्यायचं राहिलं की तो हिशोब पुढच्या पिढ्यांच्या तोंडी राहतो.

पुढच्या वेळी मलंगगडाला जाल तेव्हा नेवाळीजवळ थोडं थांबून ती मोकळी जमीन बघा.